दिवसपाळीचा बेंजो

उखा तायडे बेंजो वाजवायचा, हे सुरतेच्या नवागामात कोणी कोणाला सांगत नाही, कारण उखा स्वतःच ते सांगतो. दाढीच्या खुर्चीत सांगतो, रेशनच्या रांगेत सांगतो. एकदा रक्त तपासायला गेला तेव्हा सुई टोचणाऱ्या मुलीलाही त्यानं विचारलं होतं, "दिवसपाळी आयकली का तुमी?" तिला वाटलं, म्हातारा कामाच्या वेळा विचारतोय. मग उखानं दंडावर कापूस दाबून धरलेल्या अवस्थेत तिला सगळी हकिकत ऐकवली आणि मागच्या पाच पेशंटांनीही ती ऐकली.

'दिवसपाळी' ही कॅसेट. चौऱ्याण्णव साली भीमजयंतीच्या आधी निघालेली, आठ गाण्यांची. उखाच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी उधन्यापासून दिंडोलीपर्यंत पानाचं असं एक दुकान नव्हतं जिथे ती वाजत नव्हती. यातलं निम्मं खरं आहे आणि निम्मं उखाचं आहे. पण लूम चालवणाऱ्या तीन माणसांनी आणि घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या एका बाईनं केलेल्या कॅसेटबद्दल निम्मं खरं असणं हेही थोडंथोडकं नाही.

उखा यावल तालुक्यातला. सतराव्या वर्षी मामाच्या मागे सुरतेला आला आणि उधन्याच्या एका कारखान्यात लूमवर उभा राहिला, तो गुडघे जाईपर्यंत उभाच होता. बेंजो त्याला गावाकडच्या एका बँडवाल्यानं शिकवला. हे वाद्य म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि सगळं भोंग्यातून सोडायचं. जयंतीच्या मिरवणुकीत हा आवाज आला की म्हातारे खुर्चीतून उठतात. उखाची खासियत अशी, की गाणारा जिथे जाईल तिथे तो बोट न बोट मागे जायचा. गाणाऱ्यानं सूर वळवला की ह्यानं वळवलाच, त्यानं श्वास घेतला की हा थांबलाच. चंपाबाई सपकाळे गायला असली तर विचारूच नका. लोक म्हणायचे, उखाचा बेंजो मराठी बोलतो.

चंपाबाई ही त्याच्या मित्राची, श्रीपतची बायको. श्रीपत त्याच्याच कारखान्यात, शेजारच्या लूमवर होता आणि गाण्यांना ढोलकी वाजवायचा. चौथा विठ्ठल, त्याच्याकडे कॅसिओचा कीबोर्ड होता आणि त्या कॅसिओवरून तो आजतागायत कोणाला हात फिरवू देत नाही. कॅसेटला नाव मिळालं ते चंपाबाईनं स्वतः जोडलेल्या गाण्यावरून. नवऱ्याची एक आठवडा रातपाळी, एक आठवडा दिवसपाळी, आणि बायको घरात वाट बघते, एवढाच त्याचा विषय:

आठ दिवस रात तुझी, आठ दिवस माझी,
लागू दे रे दिवसपाळी, भाकर वाढते ताजी.

आता इथे कारखान्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लूमच्या कारखान्यात तोंडानं बोलता येत नाही. धागा इकडून तिकडे नेणारे दोनशे धोटे एकाच वेळी आपटत असताना कोण काय ऐकणार? तिथे माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. दोन बोटं वर केली की धागा तुटला, मूठ तोंडाशी नेली की चहा. बाकी सगळं ओठांवरून वाचायचं. पाच-सात वर्षांत माणूस त्यात इतका तयार होतो की दहा लूमांपलीकडे उभ्या असलेल्या माणसाची शिवीही त्याला बरोबर पोचते. आणि त्याच पाच-सात वर्षांत कान जायला लागतात. एकदम नाही. आधी बारीक, चिरके आवाज जातात, मग हळू बोलणं जातं. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आजूबाजूला सगळे त्याच कारखान्यातले. सगळेच मोठ्यानं बोलतात, सगळ्यांच्याच घरी टीव्ही गल्लीला ऐकू जाईल असा लावलेला असतो. त्याला कोणी बहिरेपणा म्हणत नाही. त्याला नवागाम म्हणतात.

तर कॅसेट भरली वराछाकडच्या नितीनभाईंच्या स्टुडिओत. एका रविवारी, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत आठ गाणी. जेवायला चंपाबाईनं भाकरी आणि ठेचा नेला होता, तो खाऊन नितीनभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पुढची दोन गाणी रुमाल नाकाला लावून भरली. शेवटी सगळे आवाज एकमेकांशी जुळवायची वेळ आली, म्हणजे कोणाला वर घ्यायचं, कोणाला खाली. नितीनभाईंनी ऐकवलं आणि उखाचं तोंड पडलं. त्याला बेंजो ऐकूच येईना.

"वर घ्या," तो म्हणाला. नितीनभाईंनी घेतला. "अजून घ्या." त्यांनी घेतला. श्रीपत आणि विठ्ठलही मान हलवत होते, अजून वर. नितीनभाई शेवटी कानाला हात लावून म्हणाले, "उखाभाई, बहु तीणुं थाय छे," म्हणजे फार टोचरं होतंय. उखानं त्यांना सांगितलं की टोचू दे, बेंजो असाच असतो. त्या आठवड्यात त्याची एकट्याचीच रातपाळी होती, त्याला निघायचं होतं. हवा तेवढा बेंजो वर चढवून घेतला आणि तो खुशीत जिना उतरला. चंपाबाई आणि श्रीपत मागे थांबले.

कॅसेट निघाली आणि नवागामात तिनं धमाल उडवली. पण उखानं ती गावी पाठवली तेव्हा बहिणीचं पत्र आलं की गाणी चांगली आहेत, फक्त लावली की दात शिवशिवतात. जळगावहून कॅसेटचा एक व्यापारीही आला होता, आवडली तर दुसरी काढू म्हणून. त्यानं दोन गाणी ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "बाई बरी गात असावी, पण बेंजोखाली सापडत नाही." चहा पिऊन तो जो गेला तो परत आला नाही. दुसरी कॅसेट निघाली नाही. उखानं त्याला अडाणी ठरवलं आणि पुढची तीस वर्षं ही हकिकत सांगताना व्यापाऱ्याचा भाग गाळून टाकला.

इतकी वर्षं त्याचं छान चाललं होतं. मग त्याच्या नातीनं, विशाखानं, त्याला कानाचं मशीन आणलं.

विशाखा चोवीस वर्षांची, लग्नाच्या व्हिडिओंचं आणि आवाजाचं काम करणाऱ्या एका दुकानात नोकरीला. घरी मराठी, दुकानात गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, आणि आजोबांशी ओरडून. ओरडण्याचा कंटाळा आला म्हणून तिनं त्याला तपासायला नेलं आणि मशीन बसवून आणलं. पहिल्या दिवशी उखाला घर बदलल्यासारखं वाटलं. फोडणी तडतडते, चपला फटफटतात, आपण स्वतः भाकरी खाताना केवढा आवाज करतो, हे सगळं त्याला नव्यानं कळत होतं. त्याला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी तो छाती फुगवून विशाखाला म्हणाला, "लाव आता. दिवसपाळी लाव."

तिनं लावली. पहिल्या ओळीलाच उखानं कानावर हात ठेवला. पत्र्यावर खिळा घासावा तसा तो बेंजो होता. आणि त्याच्या खाली, फार खाली, एक बाई गात होती. आहे हे कळत होतं, कशी आहे ते कळत नव्हतं. उखानं ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर आठ दिवस त्यानं कोणालाही कॅसेटची हकिकत सांगितली नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्या गोपाळनं तर विशाखाला थांबवून विचारलं, आजोबा बरे आहेत ना म्हणून.

आजोबा बरे नव्हते. त्यांना तो जळगावचा व्यापारी आठवत होता. तो अडाणी नव्हता, त्याला फक्त ऐकू येत होतं. आपल्या हट्टापायी एका चांगल्या गाणाऱ्या बाईचा आवाज दाबला गेला, तिची दुसरी कॅसेट गेली, आणि तिची साठी उलटली तरी तिला हे कोणी सांगितलेलं नाही, ह्या विचारानं उखाला जेवण गोड लागेना. वर वाईट हे, की विशाखानं नेमकं तेव्हाच एक काम काढलेलं. जयंती मंडळासाठी ती 'दिवसपाळी कशी झाली' असा व्हिडिओ करत होती. विठ्ठलचं बोलणं तिनं भरूनही आणलं होतं. त्यात तो पाऊण तास कॅसिओबद्दलच बोलला होता. आता आजोबा आणि चंपाबाई राहिले होते, आणि जयंतीला व्हिडिओबरोबर जुनी गाणीही सगळ्यांच्या मोबाइलवर जाणार होती. म्हणजे तो खिळा पुन्हा एकदा सगळ्या गावाच्या कानात.

शेवटी उखानं नातीला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"आजोबा, आता कॉम्प्युटरवर आवाज वेगवेगळे काढता येतात," ती म्हणाली. "बेंजो खाली घेते, चंपाआजीचा आवाज वर काढते. करून बघू?"

तिला त्यात चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिनं लावलं आणि उखाला चंपाबाई ऐकू आली. तीस-पस्तीस वर्षं तो ह्या गळ्यामागे वाजवत आला होता आणि हा गळा असा आहे हे त्याला माहीत नव्हतं. किंचित घोगरा, उन्हात वाळवलेल्या कापडासारखा कोरडा आणि स्वच्छ. 'ताजी' ह्या शब्दावर ती जराशी हसते आहे हेही ऐकू येत होतं. उखाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मग तो म्हणाला, "माह्यासोबत चाल. कॅमेरा नंतर काढजो. आधी मले माफी मागू दे."

माफी मागायची म्हणजे आधी तिला नुकसान सांगायचं. तिला माहीतच नसलेली जखम तिला दाखवायची. गल्ली ओलांडताना उखा दोनदा चपलेचा अंगठा बघायला उगाचच थांबला.

चंपाबाई दुपारची दारात बसून मेथी निवडत होती. श्रीपतला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा-सून कामाला गेलेले. तिनं उखाच्या कानाकडे बघितलं आणि म्हणाली, "उखाभाऊ, हे काय घातलं? बिडी ठेवली का काय?"

एरवी ह्यावर उखानं चार वाक्यं परत टाकली असती. आज तो तसाच खाली बसला. "वहिनी, मले तुमची माफी मागाची हाये," तो म्हणाला, आणि डोकं वर न करता त्यानं सगळं सांगितलं. मशीन, खिळा, व्यापारी, सगळं. "मले आयकूच येत नव्हतं, वहिनी. नितीनभाई सांगू राह्यले व्हते, मी आयकलं नाही. तुमचा आवाज मी मारला."

चंपाबाईचे हात मेथीवर थांबले होते. विशाखाला वाटलं, आता ही बाई रडणार. पण ती जराशी संकोचली, चोरी पकडली गेल्यावर लहान मुलगी संकोचते तशी.

"तुमी नाही मारला," ती म्हणाली. "तुमी तं पाळीवर गेले व्हते."

"जाताना वर करून गेलो ना."

"तुमी जिना उतरले नी नितीनभाईनं तो खाली आनला. म्हने, उखाभाईचा मान राखला, आता बाईचा आवाज आयका. मले आयकवलं त्यायनं. मी आयकलं, उखाभाऊ. लय गोड वाटलं. म्हटलं, हे आपुनच काय?"

उखाला वाटलं, मशीन बिघडलं. त्यानं विशाखाकडे बघितलं, तिचंही तोंड उघडं.

"मंग तो परत वर कोनी केला?"

"मी करायले लावला."

तिनं मेथीचं सूप बाजूला सारलं. पुढचं, श्रीपतबद्दलचं, ती उखाशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.

"यायच्यासाठी केला. ते गानं मी यायच्यासाठी तं जोडेल व्हतं. नितीनभाईनं माहा आवाज मोकळा केला नी मी यायच्या तोंडाकडे पाह्यलं. काहीच नाही. ढोलकी वाजे तवा बोटं हालत, मी गाऊ लागली की बोटं थांबत. खिडकीतून बाहेर पाहेत, कोनी गातच नाही जसं. लग्नाले अकरा वर्सं झाल्ती तवा. घरात मी बोलली की हे माह्या ओठाकडे पाहेत. टक लावून. मले वाटे, मानूस लय मायेनं पाहातो." ती थोडी हसली. "त्या दिशी समजलं. माहा आवाज यायले आयकूच येत नव्हता. ओठ वाचत व्हते माह्ये."

श्रीपत ढोलकी वाजवताना कधी ढोलकीकडे बघायचा नाही, बायकोकडे बघायचा, आणि त्यावरून आपणच त्याला वर्षानुवर्षं चिडवलं, हे उखाच्या डोक्यात आता येत होतं.

"आता कॅसेटले ओठ कुठून आनू मी?" चंपाबाई म्हणाली. "म्हनून म्हटलं, नितीनभाई, बेंजो वर घ्या. तुमी तं माह्या गळ्यामागं बोट न बोट चालत व्हते. बेंजो वर झाला नी यायचे ओठ हालाले लागले. अक्षी शब्दाले शब्द. 'ताजी'वर हासले बी. नितीनभाई कानाले हात लावून म्हने, बहेन, कोई नहीं सुनेगा ऐसा. मी म्हटलं, ज्यानं आयकाचं त्यानं आयकलं."

"आनि तो व्यापारी? दुसरी कॅसेट?"

"ती गेली," चंपाबाई म्हणाली. "वाईट वाटलं, नाही कसं? चार-सहा महिने वाटलं. पन हे रातपाळीहून येत, टेप लावत, नी डोये मिटून पडत. डोये मिटून, उखाभाऊ. तवा त्यायले माह्या ओठाची गरज नव्हती. मले तेवढं पुरलं."

उखाचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडता जरा अभिमानानंही पडला, कारण शेवटी उखा तो उखाच. पंचवीस वर्षं श्रीपतला बायकोचं गाणं ऐकवलं ते आपल्या बोटांनी. ही हकिकत त्याच्या सगळ्या हकिकतींपेक्षा मोठी होती आणि ती दाढीच्या खुर्चीत सांगण्यासारखी नव्हती, हे त्याला बसल्याजागीच कळलं.

"विशाखा," तो घाईघाईनं म्हणाला, "जुनीच टाक. बेंजो व्हता तितकाच ठेव. लोकाचे दात शिवशिवू दे."

विशाखानं चंपाबाईकडे बघितलं. "आजी, तुम्ही सांगा. जुनं टाकू की मी साफ केलेलं?"

चंपाबाईनं मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडली, काडी टाकून दिली.

"जुनं कोनासाठी टाकते?" ती म्हणाली. "ज्याले लागत व्हतं तो मानूस गेला." मग आवाज आणखी खाली आणून, "माहा टाक. लाव बरं, काय केलं तू ते."

विशाखानं मोबाइल पायरीवर ठेवला आणि गाणं लावलं. बेंजो मागे, कुठेतरी गल्लीच्या टोकाला असावा तसा, आणि पुढे एक तिशीतली बाई, मोकळ्या गळ्यानं, नवऱ्याची दिवसपाळी लागू दे म्हणून सांगते आहे. उखानं आपलं वाजवणं इतकं कमी ऐकू येताना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं आणि त्याला त्याचं काहीएक वाटलं नाही. तो चंपाबाईकडे बघत होता. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून, डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत नव्हते.

गाणं संपलं. शेजारच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत राहिला.

"परत लाव," चंपाबाई म्हणाली.